अंजनी ओळखायची कशी, लावायची कशी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी संपत आला की दरवर्षी तेच सुरू होतं. माथेरान, महाबळेश्वर, आंबोली नाहीतर गोव्याहून कोणीतरी फोटो पाठवतं, जाड काळपट फांदीला चिकटून निळ्याजांभळ्या फुलांचे गुच्छ, आणि खाली प्रश्न, "हे काय आहे?" उत्तर बहुतेक वेळा अंजनीच असतं. मग दोन दिवसांनी दुसरा प्रश्न येतो, "घरी लावता येईल का?" म्हणून हे सगळं एकदाच लिहून ठेवतोय.

अंजनी म्हणजे नक्की कोणतं झाड?

शास्त्रीय नाव मेमेसायलॉन अम्बेलाटम. जुन्या पुस्तकांत मेमेसायलॉन एड्यूल असंही सापडेल, आपल्याकडच्या झाडापुरतं ते एकच समजा. सदाहरित आहे, पूर्ण निष्पर्ण कधीच होत नाही. सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, कातळावर वाऱ्याच्या तोंडी वाढलं तर कमरेएवढं गच्च झुडूप राहतं आणि घाटमाथ्यावर खोल मातीत, दाटीत वाढलं तर वीस-पंचवीस फुटांचं झाड होतं. त्यामुळे "हे झुडूप की झाड" या वादात पडू नका, दोन्ही बरोबर आहे.

सह्याद्रीत कोकणच्या समुद्राजवळच्या टेकड्यांपासून महाबळेश्वरच्या माथ्यापर्यंत, पुढे गोवा, कर्नाटक, केरळ, तामिळनाडू, पूर्व घाट आणि श्रीलंका एवढा याचा पसारा आहे. म्हणजे शंभर टक्के आपलं, कोणी बाहेरून आणून लावलेलं नाही.

नर्सरीत अंजन मागितलं तर भलतंच रोप मिळालं, असं का?

कारण अंजन नावाचं अजून एक मोठं झाड आहे, हार्डविकिया बायनाटा. ते खानदेश, सातपुडा, विदर्भ अशा कोरड्या भागातलं. त्याचं पान आपट्यासारखं, दोन पाकळ्या जोडल्यासारखं दिसतं, आणि ते उंच सरळ वाढतं. वनीकरणाच्या रोपवाटिकांमध्ये अंजन म्हटलं की तेच पुढे येतं. त्यात अंजन नावाचं एक गवतही आहे, चाऱ्याचं. तेव्हा विकत घेताना "घाटावरची निळ्या फुलाची अंजनी" असं सांगा, आणि तरी पान बघूनच पैसे द्या.

फुलं नसताना ओळखायची कशी?

हा खरा महत्त्वाचा प्रश्न, कारण फुलं वर्षातून थोडेच दिवस दिसतात आणि उरलेले महिने ही बाई हिरव्या गर्दीत बेमालूम मिसळून जाते. आधी पान बघा. पानं समोरासमोर जोडीने येतात, देठ अगदी तोकडा, पान जाड चामड्यासारखं, वरून गडद हिरवं आणि तकतकीत, साधारण दीड ते चार इंच लांब. आता पान उजेडाकडे धरा. मधली शीर दिसेल पण बाजूच्या शिरा जवळजवळ दिसतच नाहीत. हे लक्षात ठेवा, कारण अंजनीच्या कुळातल्या, म्हणजे मेलास्टोमा कुळातल्या, बाकीच्या बहुतेक झाडांच्या पानांवर देठापासून टोकापर्यंत तीन-पाच ठळक शिरा धावतात, अंजनी त्यात वेगळी पडते.

मग पान चुरगाळून वास घ्या. काहीच खास वास येत नाही. चीक नाही, लव नाही, काटे नाहीत. एक गंमत म्हणजे झाडाखाली वाळून पडलेली पानं बघा, नुसती मळकट तपकिरी न होता बरीचशी पिवळट हिरवी झाक धरून असतात. त्याचं कारण खाली रंगाच्या प्रश्नात येईल.

जुन्या फांद्यांच्या पेरांवर बारीक खडबडीत गाठी दिसल्या तर अजून खात्री पटते, कारण फुलं दरवर्षी तिथूनच फुटतात. फक्त खोडाच्या सालीवरून मात्र ओळखायला जाऊ नका, घाटातल्या निम्म्या झाडांची साल करडी आणि भेगाळलेलीच असते.

कोणत्या झाडांशी गल्लत होते?

सगळ्यात जास्त जांभूळवर्गीय झाडांशी. त्यांचीही पानं जोडीने आणि तकतकीत. पण जांभळाचं पान चुरगाळलं की वास येतो आणि नीट बघितलं तर पानाच्या कडेने एक शीर पळताना दिसते. अंजनीत दोन्ही नाही.

दुसरी लोखंडी, म्हणजे इक्झोरा ब्रॅकिएटा. सड्यावर दोघी शेजारी शेजारी असतात. इथे पानाच्या जोडीच्या मधे फांदीवर बघा, लोखंडीत दोन देठांमधे छोटं टोकदार उपपर्ण, म्हणजे पानासारखा बारीक अवयव, असतो, अंजनीत ती जागा मोकळी. आणि लोखंडीला फुलं पांढरट, फांदीच्या टोकाला तुरा काढून येतात.

तिसरं झाड पिसा, तेही घाटातल्या सदाहरित रानातलंच. ते ओळखणं सोपं, पानं झुबक्याने येतात आणि खालची बाजू फिकट असते.

फुलांच्या रंगामुळे काहीजण लाखेरीला, म्हणजे मेलास्टोमाला, अंजनी म्हणतात. कूळ एकच आहे, पण लाखेरीचं फूल मोठं, पान खरखरीत केसाळ आणि शिरा ठळक. कारवीचा तर संबंधच नाही, ती पावसाळ्याच्या शेवटी फुलते आणि तेही बऱ्याच वर्षांनी एकदा. शहरातल्या बागेत निळी फुलं दिसली आणि पान संयुक्त असलं, म्हणजे एका देठावर अनेक पानं, तर ते बाहेरून आणलेलं काहीतरी आहे, नीलमोहर वगैरे.

गोव्याच्या आणि कर्नाटकाच्या बाजूला मेमेसायलॉनच्या अजूनही जाती आहेत. तिकडचा फोटो असेल तर पानाबरोबर कोवळी फांदी आणि फळ दोन्हीचा जवळून फोटो काढा, नुसत्या फुलावरून ठाम सांगणं अवघड जातं.

फूल नेमकं कसं असतं?

एकेक फूल सुटं बघितलं तर जेमतेम हरभऱ्याच्या दाण्याएवढं. तळाला गुलाबीसर छोटी वाटी, तिच्या काठावर चार निळ्या पाकळ्या, आणि आठ पुंकेसर, तेही निळेच, बाहेर डोकावणारे. भिंग असेल तर पुंकेसराच्या टोकाशी नीट बघा, तिथे एक बारीक ग्रंथी असते. अशी पंधरा-वीस फुलं एका गुच्छात, आणि गुच्छ कुठे तर पानं गळून गेलेल्या जुन्या लाकडावर, पानांच्या खाली. लांबून बघितलं तर फांदीला निळा कापूस गुंडाळल्यासारखं वाटतं. पाकळ्या फार टिकत नाहीत, दोन-तीन दिवसांत खाली सडा पडतो आणि माथेरानच्या लाल मातीच्या वाटेवर तो सडा झाडावरच्या फुलांपेक्षाही छान दिसतो, हे माझं वैयक्तिक मत.

वासासाठी मात्र लावू नका. वास जवळजवळ नाहीच.

फुलं कधी येतात? यंदा का नाही आली?

महाराष्ट्रात साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. खाली कोकणात आणि वर घाटमाथ्यावर वेळ पुढेमागे होते. आणि दरवर्षी सारखी फुलत नाही, एखाद्या वर्षी सगळं जंगल निळं आणि पुढच्या वर्षी इकडे एक गुच्छ तिकडे एक. त्यामुळे एकदा बघून आलात आणि पुढच्या वर्षी मित्रांना घेऊन गेलात तर हिरमोड होऊ शकतो, आधी तिथल्या कोणालातरी फोन करून विचारा.

बघायला जायचं तर कुठे?

माथेरान सगळ्यात सोयीचं, कारण बाहेरच्या गाड्या आत येत नाहीत, पायी फिरताना झाडं हाताशी येतात. महाबळेश्वरच्या पॉइंटांकडे जाणाऱ्या जंगलातल्या वाटा, भीमाशंकर, आंबोली, सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या देवराया, गोव्यातले जांभ्याचे सडे. उत्तर सह्याद्रीतल्या सदाहरित जंगलाचा प्रकार सांगताना वनस्पतीशास्त्राचे लोक अंजनी, जांभूळ आणि पिसा अशी तीन नावं जोडून घेतात, म्हणजे महाबळेश्वर किंवा भीमाशंकरच्या रानात तुम्ही "नुसती हिरवी झाडी" म्हणून जे बघता त्यात बरीचशी अंजनीच असते. शेकरू बघायला भीमाशंकरला गेलात तर मान वर असतेच, जरा फांद्यांकडेही बघा.

जंगलातून छोटं रोप उपटून आणलं तर?

नका आणू. एक तर कायद्याची भानगड, राखीव जंगल आणि अभयारण्यातून काहीही उचलता येत नाही. महाबळेश्वर-पाचगणी 2001 पासून आणि माथेरान 2003 पासून इको सेन्सिटिव्ह झोन, म्हणजे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र, आहेत. पण कायदा बाजूला ठेवला तरी ते रोप जगत नाही हो. बोटभर रोप दिसतं, पण त्याचं मूळ कातळाच्या फटीत लांब गेलेलं असतं, उपटताना तुटतं आणि वर पानं जाड असल्याने महिनाभर हिरवीगार दिसत राहतात. माणूस खूश, की रुजलं. मग एक दिवस सगळी पानं एकदम गळतात. घाटमाथ्यावर दहा वर्षं जगलेलं रोप असं कुंडीत मारायचं, आणि वाढ इतकी हळू की जंगलाला ते परत मिळवायला तेवढीच वर्षं लागणार.

मग रोप करायचं कसं?

बियांपासून. आणि बी म्हणजे ताजं बी, हे दहा वेळा लिहिलं तरी कमी आहे.

फळं मे-जूनच्या सुमाराला पिकतात. आधी हिरवी, मग पिवळट, लालसर आणि शेवटी जांभळट काळी, आकाराने मोठ्या वाटाण्याएवढी. प्रत्येक फळाच्या डोक्यावर गोल कडा असते, फुलाच्या वाटीचा उरलेला काठ तो, त्यावरून फळ लगेच ओळखता येतं. आत एकच बी. खाजगी जागेतल्या किंवा ओळखीच्या बागेतल्या झाडाखालची पूर्ण काळी झालेली फळं वेचा, मालकाला विचारून अर्थातच. गर पाण्यात चोळून काढा आणि त्याच आठवड्यात पेरा. उन्हात वाळवून, डबीत भरून, दिवाळीत पेरू म्हणालात तर काही उगवणार नाही, हे बी भाज्यांच्या बियांसारखं साठवायचं नाहीच. पोस्टाने मागवलेलं "अंजनी सीड्स" पाकीट म्हणजे बहुतेक पैसे पाण्यात.

मिश्रण साधं ठेवा. लाल माती किंवा जांभ्याची माती, कुजलेला पालापाचोळा आणि थोडी जाड वाळू. अंजनीच्याच झाडाखालची मूठभर माती मिळाली तर अजून चांगलं. नुसत्या कोकोपीटमधे नको, पावसात चिंब राहतं आणि बी कुजतं. बी आपल्या जाडीएवढंच खोल टाका, पिशवी सावलीत ठेवा, ओल राहील पण पाणी साचणार नाही असं बघा. उगवायला काही आठवडे लागतात, कधी दोन-तीन महिनेही. तोवर पिशवी उकरून बघायची नाही. सगळेच बघतात, म्हणून सांगतोय.

फांदी लावून येत नाही का?

सहजासहजी नाही. लाकूड कठीण, मुळं फुटायला तयार नसतात. गुटी बांधून, म्हणजे झाडावरच फांदीला मुळं फोडून, बघणारे आहेत, पण भरवशाचा मार्ग बीच.

वाढायला किती वेळ लागतो?

खूप. खरंच खूप. पहिल्या वर्षी वीतभर झालं तरी चांगलं म्हणायचं. लावल्यापासून चार-पाच वर्षांत फुलं हवी असतील तर अंजनी तुमच्यासाठी नाही, तुम्ही सरळ कुंती किंवा पिटकुळी लावा, तीही छान आणि आपलीच. अंजनी ही बंगल्याच्या मागच्या कोपऱ्यात, शेताच्या बांधावर, शाळेच्या आवारात लावून विसरायची गोष्ट आहे. मधे मधे लोक विचारत राहतात, "मेलं का हे? वाढत का नाही?" मेलेलं नसतं, मुळं खाली जात असतात.

जमिनीत कुठे आणि कशी लावायची?

रोप निदान फूटभर झाल्यावर, म्हणजे दोन पावसाळे पिशवीत काढल्यावर, जूनच्या शेवटी पाऊस नीट लागला की लावा. दीड फुटाचा खड्डा, त्यात तीच खोदलेली माती आणि पालापाचोळ्याचं खत. अर्धवट सावली सगळ्यात उत्तम, सकाळचं ऊन आणि दुपारी कशाची तरी सावली. मोठी झाली की पूर्ण उन्हातही राहते. दोन रोपांत पाच-सहा फूट तरी अंतर ठेवा.

पाण्याचं गणित समजून घेतलं की बाकी सोपं आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत, आणि तो उतारावरून, जांभ्यातून वाहून जातो. पुढचे सात-आठ महिने जवळपास कोरडे. म्हणजे या झाडाला धो धो पाऊस चालतो, उन्हाळाही चालतो, त्यासाठीच तर जाड मेणचट पानं आहेत, पण बुडाशी तुंबलेलं पाणी त्याने जन्मात बघितलेलं नसतं. म्हणून निचरा हवा. पहिले दोन-तीन उन्हाळे आठवड्यातून एकदा-दोनदा पाणी द्या आणि बुडाशी पाचोळ्याचा जाड थर ठेवा, नंतर पावसावर सोडून द्या.

पुण्यात, नगरला, काळ्या मातीत जमेल का?

जमेल पण सोपं नाही. काळी माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळून मुळं तोडते, दोन्ही वाईट. वर उंचवटा करून लाल माती, वाळू, पाचोळा घालून त्यावर लावा. दुसरी अडचण बोअरच्या क्षारयुक्त पाण्याची. या कुळाला आम्लधर्मी माती आवडते, जड पाणी घालत राहिलात तर नवी पानं पिवळी पडतात. पावसाचं साठवलेलं पाणी असेल तर ते वापरा. एसीचं पाणी चालेल का असंही विचारतात, क्षारांच्या दृष्टीने चालतं, पण त्या थेंबांवर किती झाडं जगवणार.

मराठवाडा-विदर्भाच्या कोरड्या भागात मात्र हट्ट करू नका. तिथलं अंजन वेगळं, वर सांगितलंच, तेच लावा.

कुंडीत किंवा गच्चीत?

हळू वाढते हा इथे फायदाच आहे. बारा-चौदा इंची कुंडी, खाली विटांचे तुकडे, वर तीच लाल मातीची मिश्रणं. दोन-तीन वर्षांनी कुंडी बदला, मुळांना कमीत कमी धक्का लावून. गच्चीवरची तापलेली फरशी आणि भिंतीची धग मात्र कोवळ्या रोपाला सोसत नाही, मार्च ते मे हिरवी जाळी लावा. बोन्सायवाल्यांनाही हे झाड आवडतं, पानं बारीक आणि खोड लवकर म्हातारं दिसतं म्हणून.

कुंपणासाठी छाटून ठेवता येईल?

छाटता येते, गच्चही होते. पण फुलं जुन्या लाकडावर येतात हे विसरू नका. महिन्या-दोन महिन्यांनी माळी येऊन कात्रीने चौकोनी ठोकळा करून गेला तर हिरवी भिंत मिळेल, निळी फुलं नाहीत. छाटायचीच तर फळं संपल्यावर, पावसाळ्याच्या तोंडाला, वर्षातून एकदा, आणि आतल्या जाड फांद्यांना हात न लावता. आणि पाच फुटांचं कुंपण दोन वर्षांत पाहिजे असेल तर हिचा नाद सोडा.

खत, कीड वगैरे?

पाचोळ्याचं किंवा चांगलं कुजलेलं शेणखत वर्षातून एकदा, पावसाच्या आधी. युरिया नको, चुना तर अजिबात नको. रोगकिडीचा त्रास कमीच. बंद जागेत, हवा खेळत नसेल तिथे पानांखाली खवले कीड आणि त्यावर काळी बुरशी दिसते, ओल्या फडक्याने पुसून काढा, फारच झालं तर निंबोळी अर्क. एखाद-दुसरं पान कुरतडलेलं दिसलं की फवारणी शोधायला पळू नका, आपलं झाड आहे म्हटल्यावर आपले किडेही येणारच.

फळ खातात का?

पिकलेलं काळं फळ खाता येतं, गोडसर तुरट, गर नावापुरता. गुराखी पोरं खातात, बुलबुल आणि तांबट त्याहून जास्त खातात. जंगलात बी पसरवण्याचं काम पक्ष्यांचंच. पण ओळख पक्की झाल्याशिवाय रानातलं कुठलंही काळं फळ तोंडात टाकू नका, फोटोवरून "खाऊ का" असं विचारलंत तर मी नाहीच म्हणणार.

डोळ्यांसाठी औषधी आहे म्हणतात, खरं का?

पानं तुरट असतात आणि त्यांचा उपयोग डोळे येण्यावर, मुळांच्या काढ्याचा स्त्रियांच्या तक्रारींवर, असं पारंपरिक वापरात नोंदलेलं आहे. पण घरी पानं उकळून ते पाणी डोळ्यात घालणं हा शुद्ध धोका आहे. डोळा लाल झाला तर डोळ्याच्या डॉक्टरकडे जा.

रंग काढतात ते यापासूनच का?

हो. पानांपासून पिवळा रंग मिळतो, दक्षिणेत चटया आणि कापड रंगवायला वापरला गेलाय. त्याहून भारी गोष्ट म्हणजे ही झाडं जमिनीतून अॅल्युमिनियम शोषून पानांत साठवतात, आणि तुरटीतही अॅल्युमिनियमच असतं. म्हणून रंग कापडावर पक्का बसवायला तुरटीऐवजी अंजनीची पानं वापरायची पद्धत होती. वाळलेल्या पानांची ती पिवळट झाकही यातूनच येते. जांभ्याच्या आम्लधर्मी मातीत विरघळलेलं अॅल्युमिनियम बऱ्याच झाडांच्या मुळांना मारक ठरतं, ही ते पोटात घेऊन मजेत जगते, सड्यावर हिचं एवढं कसं फावतं ते यावरून कळेल.

लाकूड कशाला वापरतात?

अवजारांचे दांडे, खुंट, खांब, आणि दुर्दैवाने सरपण. लाकूड जड आणि फार कठीण. फांद्या तोडल्या तरी बुंध्यातून परत फुटते, त्यामुळे गावाजवळच्या टेकड्यांवर जी बुटकी झुडपं दिसतात त्यातली कितीतरी पुन्हा पुन्हा तोडलेली जुनी झाडं असतात. तुमच्या जागेत असं झुडूप असेल तर नवीन लावायच्या आधी त्यालाच वाचवा. मधल्या तीन-चार जोमदार फुटव्यांना ठेवून बाकीचे कापा, गुरं आणि वणवा लांब ठेवा, बियांपासून लावलेल्या रोपापेक्षा कितीतरी आधी फुलं बघायला मिळतील.

रोप विकत मिळतं का?

शोभेच्या झाडांच्या नर्सरीत क्वचित. देशी झाडांची रोपं करणाऱ्या लोकांकडे, कोकणातल्या आणि घाटमाथ्याजवळच्या छोट्या रोपवाटिकांमध्ये जून-जुलैत विचारा. घेताना रोप पिशवीतच बियांपासून वाढलेलं आहे ना ते बघा. पिशवी किंचित दाबून पाहा, माती आणि मुळं एकसंध लागली तर ठीक. माती भुसभुशीत, खोड जाड आणि वरून फांद्या छाटलेल्या असं असेल तर ते जंगलातून उपटून पिशवीत कोंबलेलं आहे, कितीही स्वस्त देत असले तरी घेऊ नका.